‘साखरा (वार्ताहर)’ : इंटरनेट, जिल्हा वृत्तपत्र आणि ग्रामीण पत्रकारितेचा व्यवसाय

प्रास्ताविक

मराठी दैनिकाच्या जिल्हा पानावरील एखादी बातमी ‘साखरा (वार्ताहर) :’ अशी सुरू होते. साखरा हे हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातील एक गाव. कंसाबाहेर गावाचे नाव, कंसात एक पदनाम. वाचकाची नजर तेथे क्षणभरही न थांबता पुढच्या मजकुराकडे जाते. परंतु वृत्तपत्र हा समीक्षेचा विषय मानावयाचा असेल, तर याच दोन शब्दांपाशी थांबले पाहिजे. शहरात किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी नेमलेल्या पगारी बातमीदाराच्या मजकुराआधी बहुधा ‘(प्रतिनिधी)’ असे छापले जाते आणि गावातून लिहिणाऱ्याच्या मजकुराआधी ‘(वार्ताहर)’. प्रतिनिधी वृत्तपत्राचा असतो, वार्ताहर गावाचा. पहिल्याला नेमणूकपत्र असते, दुसऱ्याला फार तर ओळखपत्र. हा भेद आपल्या वृत्तपत्रविद्येच्या अभ्यासात फारसा विचारात घेतला जात नाही. त्यामुळे इंटरनेटच्या परिणामांविषयी आपण जे बोलतो, ते बहुतांशी महानगरांविषयीचे बोलणे ठरते.

‘इंटरनेट आणि मुद्रित माध्यमांपुढील आव्हाने’ हा विषय गेली वीस-पंचवीस वर्षे महाविद्यालयीन चर्चासत्रांत सातत्याने येतो. त्यावरील निबंधांचा साचाही ठरून गेला आहे : ६ जानेवारी १८३२ चे ‘दर्पण’, १८८१ चा ‘केसरी’, मग संगणक, मग इंटरनेट, आणि अखेरीस ‘तथापि छापील शब्दाचे महत्त्व अबाधित आहे’ हा दिलासा. प्रस्तुत लेखकानेही अशा साच्यातून सुटका करून घेतली होती असे नाही. या लेखात मात्र एक मर्यादित मुद्दा मांडावयाचा आहे. इंटरनेटने मराठवाड्यातील जिल्हा वृत्तपत्र अद्याप संपवलेले नाही. त्याने वार्ताहराचे स्थान काढून घेतले आहे. अंक निघतो, पान भरते, गावाचे नावही छापले जाते. त्या नावामागे गावात कोणी उभा आहे की नाही, हे मात्र आता वाचकाला खात्रीने सांगता येत नाही. आणि हे घडू शकले याचे कारण असे की, वार्ताहराचे काम हा ‘व्यवसाय’ आहे, हे वृत्तपत्रांनी इंटरनेट येण्यापूर्वीही कधी मान्य केलेले नव्हते.

आयात केलेला सिद्धान्त

‘इंटरनेटने वृत्तपत्रे संपवली’ हे विधान मुळात अमेरिका आणि ब्रिटन येथील अनुभवातून आलेले आहे. तेथील शहरी वृत्तपत्रांचे मोठे उत्पन्न वर्गीकृत जाहिरातींचे, म्हणजे घर भाड्याने देणे, जुनी मोटार विकणे, नोकर हवा असणे अशा छोट्या जाहिरातींचे होते. त्या जाहिराती फुकट किंवा अत्यल्प दरात इंटरनेटवर गेल्या आणि पाठोपाठ छापखाने थंडावले. डेन्व्हरचे ‘रॉकी माउंटन न्यूज’ फेब्रुवारी २००९ मध्ये बंद झाले. लंडनच्या ‘द इंडिपेंडंट’ने मार्च २०१६ मध्ये छपाई थांबवली. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने २०११ मध्ये संकेतस्थळावरील वाचनास शुल्क लावले आणि हळूहळू त्यावरच संस्था उभी केली. हे सर्व खरे आहे. पण सेनगाव तालुक्यातील माणसाने घर भाड्याने देण्यासाठी वर्गीकृत जाहिरात दिली, असे कधी घडत नव्हते. जे उत्पन्न नव्हतेच ते इंटरनेट हिरावून कसे नेईल?

मराठवाड्यातील वृत्तपत्रसृष्टीचा क्रम पाहिला तर वेगळेच चित्र दिसते. आ. कृ. वाघमारे यांनी १९३८ मध्ये सुरू केलेले ‘मराठवाडा’ निजाम सरकारच्या बंदीमुळे नावे बदलून काढावे लागले. अनंत भालेराव यांच्या संपादकत्वाखाली ते या विभागाचे वैचारिक व्यासपीठ झाले. १९७१ मध्ये नागपूरहून दैनिक झालेल्या ‘लोकमत’ने १९८२ मध्ये औरंगाबादची (आजचे छत्रपती संभाजीनगर) आवृत्ती काढली आणि साखळी वृत्तपत्राचे भांडवल, वितरण व जिल्हानिहाय पाने यांचे युग येथे सुरू झाले. ‘मराठवाडा’ हे दैनिक बंद पडले, तेव्हा या भागातील घरांत इंटरनेट पोहोचलेलेही नव्हते. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी देशात सार्वजनिक इंटरनेट सेवा सुरू केली खरी. परंतु तिचा लाभ दीर्घकाळ मोठ्या शहरांपुरताच राहिला. ध्येयवादी प्रादेशिक वृत्तपत्राचा पराभव संगणकाने केला नाही, दुसऱ्या वृत्तपत्राने केला. हे लक्षात न घेता सगळा दोष तंत्रज्ञानाच्या माथी मारणे सोयीचे असते, कारण तंत्रज्ञान खुलासा मागत नाही.

उलट, नव्या शतकाची पहिली दहा-पंधरा वर्षे ही येथील छापील पानांच्या विस्ताराची होती. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. जिल्हा झाला की कार्यालये येतात, पालकमंत्री येतो आणि वृत्तपत्रात जिल्ह्याचे पानही येते. ‘सकाळ’ समूहाने २० एप्रिल २००५ रोजी ‘ॲग्रोवन’ हे शेतीविषयक दैनिक सुरू केले. मे २०११ मध्ये ‘दिव्य मराठी’ औरंगाबादहूनच सुरू झाले. जगभर वृत्तपत्रे मिटत असताना येथे नवी निघत होती. अशा काळात साखऱ्यासारख्या गावांची नावे पूर्वी कधी नव्हती इतक्या वेळा छापली गेली असावीत.

वार्ताहराचे अर्थकारण

ही पाने भरत कोण होते, आणि कशाच्या मोबदल्यात? ग्रामीण वार्ताहर हा प्रायः दुसऱ्या कोणत्या तरी उपजीविकेवर उभा असलेला माणूस. किराणा किंवा कृषी सेवा केंद्र, थोडी शेती, एखाद्या संस्थेतील नोकरी. अनेकदा तोच वृत्तपत्राचा एजंट. अनामत भरावयाची, पहाटे जीपने येणारे गठ्ठे उतरवून घ्यावयाचे, पोरांकरवी अंक वाटावयाचे, महिनाअखेरीस वसुली करावयाची आणि कमिशन ठेवून रक्कम भरावयाची. बातमीचे मानधन अनेक ठिकाणी नाममात्र असे आणि पुष्कळ ठिकाणी नसेच. मिळकतीचा दुसरा भाग जाहिरातींच्या कमिशनचा. वर्धापनदिनाची विशेष पुरवणी निघाली की तालुक्यातालुक्याला रकमेचे उद्दिष्ट ठरवून दिले जाई आणि ज्याच्याविरुद्ध बातमी लिहावी असे वार्ताहराला वाटत होते, त्याच्याच दारात त्याला पुरवणीची जाहिरात मागण्यासाठी उभे राहावे लागे. या व्यवस्थेचा परिणाम बातमीवर होत नव्हता, असे मानणे भाबडेपणाचे होईल.

कायद्याच्या भाषेत हा माणूस कोठे बसतो? १९५५ च्या श्रमिक पत्रकार कायद्याने पत्रकाराची जी व्याख्या केली, तीत पूर्णवेळ आणि अर्धवेळ असे दोन्ही पत्रकार होते. वार्ताहर, व्यंगचित्रकार, छायाचित्रकार, मुद्रितशोधक यांचा तीत नावानिशी उल्लेख होता. अट एवढीच, की पत्रकारिता हा त्याचा प्रमुख व्यवसाय असावा. साखऱ्याच्या वार्ताहराची अडचण नेमकी या अटीत आहे. मोबदला पोटापुरता नाही म्हणून त्याला दुसरा व्यवसाय करावा लागतो. आणि दुसरा व्यवसाय आहे म्हणून तो कायद्याच्या दृष्टीने पत्रकार ठरत नाही. मजिठिया वेतन मंडळाच्या शिफारशी नोव्हेंबर २०११ मध्ये अधिसूचित झाल्या, सर्वोच्च न्यायालयाने त्या फेब्रुवारी २०१४ मध्ये वैध ठरवल्या आणि कंत्राटी पत्रकारही त्यांस पात्र आहेत, असे जून २०१७ मध्ये स्पष्ट केले. या सगळ्या प्रदीर्घ लढाईत गावच्या वार्ताहराच्या पदरात काही पडले नाही, कारण त्याच्यापाशी कंत्राटही नव्हते. पुढे हा कायदा २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत विलीन करण्यात आला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. शहरी पत्रकार संघटनांनी या बदलास विरोध केला तो योग्यच. पण जे छत्र डोक्यावर कधी नव्हतेच, ते गेल्याचे दुःख गावाला कसे व्हावे?

मग हा माणूस हे काम करीत का होता? प्रतिष्ठेसाठी, हे त्याचे प्रामाणिक उत्तर. तहसील कार्यालयात खुर्ची मिळे, पोलीस ठाण्यात विचारपूस होई, गावात ‘पत्रकार’ ही उपाधी नावामागे लागे. तालुक्यात काय घडले हे सर्वांआधी त्याला कळे आणि सर्वांना त्याच्याकडून कळे. वृत्तपत्राने त्याला रोख रकमेऐवजी हे सामाजिक चलन दिले होते. इंटरनेटचा खरा घाव याच चलनावर पडला. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली. स्वस्त डेटा गावोगाव पोहोचला आणि ‘सर्वांआधी कळणे’ या गोष्टीचे मोल काही महिन्यांतच उतरले. अपघाताचे छायाचित्र वार्ताहर घटनास्थळी पोहोचण्यापूर्वीच गावाच्या व्हॉट्सॲप गटावर येऊ लागले. वाढदिवसाच्या शुभेच्छांची जाहिरात तर त्याआधीच फ्लेक्सच्या फलकावर गेली होती. उरलेली मोबाईलच्या स्टेटसवर गेली.

त्यानंतर २०२० ची टाळेबंदी आली. राज्य शासनाने १८ एप्रिल २०२० रोजी वृत्तपत्रांच्या घरपोच वितरणास मनाई केली. ती काही दिवसांनी शिथिल झाली, पण वाचनाची सवय तेवढ्यात बदलली. हिंगोलीत राज्य राखीव पोलीस दलाचे जवान बाधित आढळू लागले होते आणि जिल्ह्याला बातमीची तहान तेव्हा होती तशी क्वचितच असेल. ती तहान भागवली ती मोबाईलवर फिरणाऱ्या पीडीएफ अंकांनी. वृत्तपत्रांनी अशा प्रतींच्या वितरणाविरुद्ध कायदेशीर कारवाईचा इशाराही दिला. तथापि जो अंक सकाळी सहा वाजता फुकट हाती येतो, त्यासाठी महिनाअखेरीस पैसे मागावयास जाणाऱ्या एजंटाची अवस्था काय झाली असेल, हे वेगळे सांगावयास नको. एजन्सी गेली, तिच्याबरोबर वार्ताहरही गेला. कारण बहुतेक ठिकाणी ते दोघे एकच होते.

वृत्तपत्र मात्र राहिले. त्याला राखणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत. २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम ११ नुसार प्राथमिक अधिसूचना त्या परिसरात खपणाऱ्या दोन दैनिकांत, पैकी एका प्रादेशिक भाषेतील दैनिकात, प्रसिद्ध करावी लागते. निविदा, जाहीर नोटिसा, न्यायालयीन प्रगटने आहेत. शासनमान्य जाहिरात यादी आहे. १ मे, १५ ऑगस्ट, १७ सप्टेंबरचा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन आणि २६ जानेवारी या दिवशी निघणाऱ्या अंकांकडे पाहिले, तर अनेक लहान पत्रांचा प्राण कोठे आहे हे ध्यानात येते. वाचक कमी झाला तरी हे उत्पन्न लगेच कमी होत नाही. म्हणजे ज्या वृत्तपत्राला वाचकाची गरज उरली नाही त्याला वार्ताहराची गरज का उरावी, हा प्रश्न व्यवस्थापनाच्या दृष्टीने अगदी तर्कशुद्ध आहे.

पाकिटापासून व्हॉट्सॲपपर्यंत

बातमी पोहोचवण्याच्या साधनांचा बदल वरवर पाहता केवळ वेगाचा बदल वाटतो. पूर्वी वार्ताहर कोऱ्या किंवा पाठकोऱ्या कागदावर बातमी लिही, पाकिटात घालून ते एस.टी.च्या चालक-वाहकाच्या स्वाधीन करी, आणि जिल्ह्याच्या बसस्थानकावरून कोणी तरी ते कार्यालयात नेई. पुढे फॅक्स आला, मग सायबर कॅफेतून ई-मेल. श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये टंकलिखित केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की अक्षरांच्या जागी चिन्हांचा गोंधळ दिसे, हा अनुभव त्या काळातील प्रत्येक उपसंपादकाचा आहे. युनिकोडने तो प्रश्न सोडवला आणि मोबाईलच्या कळफलकाने प्रत्येकाच्या हाती देवनागरी दिली.

या प्रवासात एक गोष्ट हरवली, ती अशी. हस्तलिखित बातमी दुसऱ्या कोणी तरी पुन्हा लिहिल्याशिवाय छापताच येत नसे. अक्षर लावताना उपसंपादक ती खरोखर वाचत असे. मृताचे वय लिहिलेले नाही, घटना सोमवारची की मंगळवारची हे कळत नाही, आरोप आहे पण दुसरी बाजू नाही, अशा शंका त्याला येत आणि तो दूरध्वनी करून विचारी. साधनाच्या अडचणीतच संपादन दडलेले होते. आज व्हॉट्सॲपवर आलेला युनिकोड मजकूर उचलून पानावर ठेवता येतो. मध्ये कोणी वाचण्याची तांत्रिक आवश्यकता उरलेली नाही, आणि जे तांत्रिकदृष्ट्या आवश्यक नाही ते आर्थिकदृष्ट्या परवडत नाही, असा नियमच होऊन बसला आहे. मुद्रितशोधकाचे पद कायद्याच्या व्याख्येत शेवटपर्यंत राहिले. वृत्तपत्राच्या कार्यालयातून ते संगणकीय जुळणीबरोबरच नाहीसे होऊ लागले होते.

याची खूण भाषेत सापडते. जिल्हा पानावरील आजची बातमी काळजीपूर्वक वाचली, तर तिच्यात कर्ता क्वचितच दिसतो. कार्यक्रम ‘संपन्न होतो’, निवेदन ‘सादर करण्यात येते’, मागणी ‘होत आहे’, नागरिकांतून ‘संताप व्यक्त होत आहे’. मागणी कोण करीत आहे, किती जणांना संताप आला आहे, हे बातमी सांगत नाही. मग अध्यक्षस्थानी कोण, प्रमुख पाहुणे कोण, सूत्रसंचालन कोणी केले, आभार कोणी मानले, आणि ‘बहुसंख्येने उपस्थित’ असलेल्यांची नामावली. ही बातमीची भाषा नाही. ही प्रसिद्धिपत्रकाची भाषा आहे. पूर्वीच्या वार्ताहराची मराठी सदोष असे, ऱ्हस्व-दीर्घाची दैना असे, पण तो स्वतः पाहून लिहीत असल्यामुळे तिच्यात अधूनमधून एखादे डोळ्यांनी टिपलेले वाक्य येऊन जाई. सफाई वाढली आणि साक्षीदार कमी झाला.

तीन बातम्या

हा फरक प्रत्यक्ष उदाहरणांवरून पाहणे इष्ट. हिंगोली जिल्ह्यात २१ मार्च २०२४ आणि १० जुलै २०२४ रोजी सकाळी प्रत्येकी ४.५ तीव्रतेचे भूकंपाचे धक्के बसले. लोक घराबाहेर येईपर्यंत मोबाईलवर तीव्रता, वेळ आणि केंद्रबिंदू आलेला होता. दुसऱ्या दिवशीचे वृत्तपत्र या बातमीत शिळे ठरणार, हे उघड आहे. परंतु वसमत तालुक्यातील पांगरा शिंदे व आसपासच्या गावांत जमिनीखालून गूढ आवाज येत असल्याच्या दोन-तीन परिच्छेदांच्या बातम्या त्यापूर्वी अनेक वर्षे जिल्हा पानांवर येत होत्या. आवाज केव्हा आला, भांडी वाजली का, पथक येऊन गेले का, एवढाच त्यांचा ऐवज. एकेक बातमी क्षुल्लक होती. त्या सलग वाचल्या तर एका प्रदेशाची नोंदवही तयार होते, आणि अशी नोंदवही तेथे राहणारा माणूसच ठेवू शकतो. भूकंप मापकाला कळतो. भूकंपापूर्वीची सात-आठ वर्षे वार्ताहराला कळलेली असतात.

दुसरे उदाहरण बाजारभावाचे. हिंगोली, वसमत ही हळदीची नामांकित बाजारपेठ. हळदीचा व सोयाबीनचा भाव पाहण्यासाठी अंक उघडणारा शेतकरी हा जिल्हा वृत्तपत्राचा हमखास वाचक होता. आज पणन मंडळाचे संकेतस्थळ आणि व्यापाऱ्यांचे व्हॉट्सॲप गट त्याला भाव सौद्याच्या दिवशीच सांगतात, आणि यात त्याचा निर्विवाद लाभ आहे. येथे छापील अंकाची उणीव भासण्याचे कारण नाही. तथापि किमान भाव आणि कमाल भाव यांच्यातील अंतर एका आठवड्यात एकाएकी का वाढले, आर्द्रतेच्या नावाखाली किती कपात झाली, मार्केट यार्ड किती दिवस बंद राहिले, याचे उत्तर आकडा देत नाही. ते विचारण्यासाठी यार्डात कोणी तरी उभे राहावे लागते.

तिसरे उदाहरण सेनगाव तालुक्यातीलच आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये गोरेगाव येथील काही शेतकऱ्यांनी कर्जफेडीसाठी स्वतःचे अवयव विकत घ्यावेत, असे निवेदन शासनाला दिले. एका दिवसात ही बातमी राज्यभर आणि राज्याबाहेरही गेली. वृत्तपत्रांच्या जुन्या व्यवस्थेत ती कदाचित जिल्हा पानावर अडकून राहिली असती. जिल्हानिहाय पानांनी हिंगोलीची बातमी हिंगोलीतच वाचली जाईल अशी जणू तटबंदी केलेली होती, आणि ती तटबंदी इंटरनेटने फोडली, हे त्याच्या जमेच्या बाजूस मांडलेच पाहिजे. प्रश्न पुढचा आहे. कॅमेरे परत गेल्यानंतर पीककर्जाचे पुनर्गठन, पीकविम्याचा दावा, सावकाराकडील गहाण या गोष्टी महिनोन्‌महिने रेंगाळत राहतात. त्यांत चित्र नसते, एकेका दिवसाला पुरेल एवढा थरार नसतो. बँकेच्या शाखेत चौथ्यांदा जाऊन तोच प्रश्न विचारणाऱ्या माणसाला कोणतेही माध्यम आज पैसे देत नाही. प्रामाणिकपणे सांगावयाचे तर कालही देत नव्हते. पण काल तो गावातच राहत असल्यामुळे आणि त्याला पत्रकार म्हणवून घेण्यात गोडी असल्यामुळे ते काम कधीमधी होऊन जाई.

कंसाबाहेर राहिलेले

येथवरच्या विवेचनावरून जुन्या वार्ताहराचे गुणगान करावयाचे आहे, असा समज होऊ नये. एजन्सीसाठी अनामत लागे, वसुलीसाठी गावात वजन लागे, रोज तालुक्याला जाण्यासाठी रिकामा वेळ लागे. ज्याच्याकडे हे तिन्ही होते तोच वार्ताहर होई. भूमिहीन, दलित, भटका समाज आणि स्त्रिया त्या कंसाबाहेर राहिल्या, यात योगायोग नाही. ज्या बातमीने एजंटाचे गिऱ्हाईक तुटेल ती बातमी लिहिली जात नसे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ आणि १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’ स्वतंत्रपणे काढावे लागले. ‘मूकनायक’ची जाहिरात पैसे देऊ करूनही ‘केसरी’ने घेतली नाही, हा इतिहास सर्वांस ज्ञात आहे. पान कोणाचे, हा प्रश्न इंटरनेटहून शंभर वर्षांनी जुना आहे. आज एखाद्या वस्तीवरील तरुण मोबाईलवर चित्रण करून बंद पडलेला हातपंप दाखवतो, तेव्हा तो कोणा एजंटाची परवानगी घेत नाही. या गोष्टीचे मोल कमी लेखण्याचा अधिकार आपल्याला नाही.

तसेच पैशाने बातमी विकण्याचा रोगही इंटरनेटने आणलेला नाही. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीतील ‘पॅकेज’ पद्धतीवर पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’मधून लिहिले, त्या सुमारास प्रेस कौन्सिलने उपसमिती नेमली आणि तिचा अहवाल २०१० मध्ये तयार झाला. ते प्रकरण सर्वस्वी छापील पानांचे होते.

तरीही नव्या व्यवस्थेचा एक दोष नोंदवणे भाग आहे. वार्ताहर गेला, त्याच्या जागी पोर्टल आणि यूट्यूब वाहिनी आली. पुष्कळदा माणूस तोच, हातात स्वतःच्या नावाचा बूम. छापील अंकाच्या तळाशी मालक, मुद्रक, प्रकाशक आणि संपादक यांची नावे व छपाईचे स्थळ सांगणारी ओळ असे. (‘प्रसिद्ध झालेल्या मजकुराशी संपादक सहमत असतीलच असे नाही’ हे तिच्याच शेजारी छापले जाई, ही गोष्ट वेगळी.) ती ओळ १८६७ च्या कायद्याने सक्तीची केली होती. मार्च २०२४ पासून त्या कायद्याची जागा नव्या नियतकालिक नोंदणी कायद्याने घेतली, तोही मुद्रित नियतकालिकांपुरताच आहे. डिजिटल वृत्तप्रकाशकांसाठी २०२१ चे माहिती तंत्रज्ञान नियम आहेत. त्यांपैकी आचारसंहिता बंधनकारक करणाऱ्या तरतुदींना मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये स्थगिती दिली, आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या दृष्टीने ती स्वागतार्हच म्हटली पाहिजे. शासनाच्या हाती लगाम असू नये. पण चुकीच्या बातमीने ज्याचे नुकसान झाले त्या गावकऱ्याने कोणत्या पत्त्यावर पत्र लिहावे, याचे उत्तर त्यामुळे मिळत नाही.

डिजिटल माध्यमात पगारी ग्रामीण पत्रकार असूच शकत नाही, असे म्हणता येत नाही. बुंदेलखंडात २००२ मध्ये छापील पत्र म्हणून सुरू झालेले ‘खबर लहरिया’ ग्रामीण, बहुतांशी दलित स्त्रियांनी चालवले आणि पुढे ते पूर्णतः डिजिटल झाले. साईनाथ यांनी डिसेंबर २०१४ मध्ये सुरू केलेले ‘पारी’ हे संकेतस्थळ मराठीसह अनेक भाषांत ग्रामीण वृत्तांत देते. दोन्ही उपक्रमांत लिहिणाऱ्याच्या श्रमाला मोल आहे. मात्र ते मोल वाचकाच्या वर्गणीतून वा जाहिरातीतून मुख्यतः येत नाही, देणग्या व अनुदानातून येते. मराठवाड्यातील कोणत्याही वृत्तपत्रसमूहाने आपल्या संकेतस्थळासाठी तालुक्याला एक पगारी माणूस, एवढा साधा प्रयोगही केल्याचे पाहण्यात नाही.

आपल्या वर्गातील विद्यार्थी

हा विषय महाविद्यालयीन अध्यापकांपुढे मांडण्याचे कारण आता सांगावयास हवे. हिंगोली जिल्ह्यातील महाविद्यालये स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न आहेत आणि मराठीच्या पदवी वर्गात वृत्तलेखन शिकवणे आपल्यापैकी अनेकांच्या वाट्याला येते. आपण सहा ककार शिकवतो, उलटा त्रिकोण शिकवतो, शीर्षक कसे द्यावे हे शिकवतो. ते सर्व ज्या शिडीसाठी होते ती शिडी अशी होती : गावचा वार्ताहर, तालुका प्रतिनिधी, जिल्हा प्रतिनिधी, मग एखाद्या आवृत्तीच्या कार्यालयात उपसंपादक. फार थोडे वर चढत. पण पहिली पायरी गावात होती आणि तीवर पाय ठेवण्यासाठी पुण्याला जावे लागत नसे. आज पहिली पायरी निघून गेली आहे. वृत्तलेखनात चांगले गुण मिळवणारा आपला विद्यार्थी एखाद्या पुढाऱ्याची समाजमाध्यमे सांभाळतो किंवा शहरात कंटेंट रायटर होतो. त्याला बेरोजगार म्हणता येत नाही, पत्रकारही म्हणता येत नाही.

आणि या बदलात आपला स्वतःचा हातभारही आहे. महाविद्यालयातील प्रत्येक कार्यक्रमाचे प्रसिद्धिपत्रक आपणच लिहितो, मराठी विभागाकडेच ते काम येते, छायाचित्रासह दहा पत्रकारांच्या गटावर टाकतो आणि सकाळी ते शब्दशः छापून आलेले पाहून समाधान पावतो. कात्रणे फाइलला लागतात, नॅकच्या अहवालाला जोडली जातात. त्यांत ‘(वार्ताहर)’ असे छापलेले असते. तो वार्ताहर कार्यक्रमाला आलेला नव्हता हे आपल्याला ठाऊक असते, कारण तो मजकूर आपण लिहिलेला असतो.

यावर्षी एका वर्गापुरता तरी प्रयोग करून पाहावयास हरकत नाही. कार्यक्रमांचे वृत्तांत लिहून घेण्याऐवजी विद्यार्थ्यांना साखऱ्यासारख्या गावच्या ग्रामसभेला पाठवावे. सूचनाफलकावर नोटीस केव्हा लागली, किती माणसे आली, किती स्त्रिया बोलल्या, कोणता ठराव न वाचताच मंजूर झाला, हे त्यांनी स्वतः पाहून लिहावे आणि तीन महिन्यांनी पुन्हा जाऊन त्याच ठरावाचे काय झाले ते विचारावे. प्रस्तुत लेखकाने विभागाच्या बैठकीत ही सूचना मांडली, तेव्हा ती सर्वांनी उचलून धरली. चर्चा थांबली ती एकाच मुद्द्यावर : विद्यार्थ्यांचे एस.टी.चे दोन वेळचे जाण्यायेण्याचे भाडे कोणत्या लेखाशीर्षातून द्यावयाचे.